नाव नंतर येते

गेल्या जुलैमधल्या एका सोमवारी एका मुलाच्या क्रिकेटच्या बॅगेवर भरतकामाच्या यंत्राने नाव घालताना माझ्या हातून तिचा आतला कप्पा शिवला गेला. बाहेरून पाहिले तर काम स्वच्छ झाले होते. गडद निळ्या कापडावर पिवळ्या धाग्याची सहा इंग्रजी अक्षरे एका ओळीत बसली होती, कुठे धागा सुटला नव्हता, कुठे कापडाला चुणी पडली नव्हती. समाधानाने चौकट सोडवली, बाजूच्या खिशाची चेन उघडून टाक्यांना आधार म्हणून मागे लावलेला कागद फाडायला आत हात घातला, तर बोटांना कागदाऐवजी जाळी लागली. खिशाच्या आत, बाहेरच्या कापडालाच लागून, जाळीचा एक छोटा कप्पा होता आणि सहाच्या सहा अक्षरांनी तो त्या कापडाला जखडून टाकला होता. कप्प्यात काहीतरी मऊ होते. मोबाइलची विजेरी लावून पाहिले तेव्हा कळले, की फलंदाजीच्या मोठ्या ग्लोव्हजच्या आत घालायचा तो पांढरा सुती मोजा होता, ज्याला मुले नुसते ‘इनर’ म्हणतात. चौथ्या आणि पाचव्या अक्षराने त्याची करंगळी आणि अनामिका पकडून ठेवली होती.

यंत्र जेमतेम सहा मिनिटे चालले असेल. तीन हजारांच्या आसपास टाके, मिनिटाला पाचशेच्या गतीने. ती सहा मिनिटे मी यंत्रासमोरच उभी होते, बॅगेला खालून हाताचा आधार देत, त्यामुळे लक्ष दुसरीकडे होते असेही म्हणता येत नाही. मला टोचत राहिला तो त्याच्याआधीचा एक क्षण. बॅगेसाठी मी चुंबकाची चौकट वापरते. तिचे वरचे आणि खालचे कडे कापडाला मध्ये धरून एकमेकांवर बसते तेव्हा एक कोरडा, टणक आवाज येतो. त्या दिवशी तो बोदा आला होता, हाताला कापड जरा जाड लागले होते, आणि आत फोम असेल असे मी परस्पर ठरवून टाकले होते. चेन उघडून आत हात फिरवायला मला किती वेळ लागला असता?

मुंबईत भोईवाड्याजवळच्या एका चाळीच्या तळमजल्यावर माझा गाळा आहे आणि त्यात एक डोक्याचे, पंधरा सुयांचे एक यंत्र आहे. आजूबाजूला इस्पितळे असल्यामुळे डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटांवरची नावे बाराही महिने येतात, गणपतीच्या आधी मंडळांचे टी-शर्ट येतात, लालबाग-प्रभादेवीच्या कबड्डी संघांच्या बॅगा येतात. मे महिन्याची शिबिरे संपून शाळा सुरू झाल्या, की क्रिकेटच्या बॅगांची रांग लागते. शिबिरातल्या सगळ्या मुलांना एकाच रंगाची, एकाच मापाची बॅग मिळते. शिवाजी पार्कच्या कठड्याला अशा चाळीस बॅगा ओळीने टेकवल्या, की आपली कुठली हे मुलाला दुरून ओळखता येत नाही. आझाद मैदानावर तर एकाच वेळी इतके सामने चालू असतात, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा दिसतो. पावसाळा आला की १९४८ पासून चालत आलेली कांगा लीग ही क्रिकेट स्पर्धा असते, आणि सर आली की सगळ्या बॅगा एका ताडपत्रीखाली ढकलल्या जातात. सर थांबल्यावर त्या ढिगातून आपले पॅड, आपली बॅट, आपला डबा शोधायचा तर बॅगेवर नाव हवेच. म्हणून आईवडील, आजी-आजोबा, कधी मुले एकटीच, ती बोजड बॅग लोकलच्या मालडब्यातून किंवा टॅक्सीच्या टपावरून माझ्यापर्यंत आणतात.

आणि इथेच सगळी अडचण सुरू होते. भरतकामाच्या यंत्राला सपाट कापड लागते. १८२८ मध्ये फ्रान्समधल्या म्यूलूझच्या जोशुआ हाइलमन यांनी भरतकामाचे यंत्र केले तेव्हा कापड उभ्या चौकटीवर ताणून बसवले होते. पुढे १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्ली यांनी अखंड धाग्यावर चालणारे यंत्र केले. त्याचा धोटा होडीच्या आकाराचा म्हणून त्याला तिकडच्या बोलीत ‘छोटी होडी’ या अर्थाचे शिफ्ली हे नाव पडले. त्यातही कापड ताणलेले आणि सपाटच होते. माझ्या यंत्राला संगणक आहे, पडदा आहे, धागा तुटला तर ते आपण होऊन थांबते, पण सुईखालचे कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताणलेले असले पाहिजे ही मागणी मात्र त्याने सोडलेली नाही. बॅग ही वस्तूच याच्या उलट स्वभावाची. ती पोकळ असते, फुगीर असते, तिच्या अंगावर चेन, पायपिंग, बक्कल, पट्टे आणि चाके असतात. खेळाची बॅग तर सगळ्यांत वाईट, कारण तिला तीन फुटी बॅटीसाठी लांबी हवी असते, पॅडसाठी पोट हवे असते आणि हेल्मेटसाठी एका टोकाला कुबड.

धारावीतल्या बॅगवाल्यांकडून कधी कधी मला कापलेले भाग येतात. खिसा अजून खिसा झालेला नसतो, तो कापडाचा नुसता चौकोन असतो. शंभर चौकोनांचा गठ्ठा, प्रत्येकावर एकच चिन्ह, चौकटीत घाल, चालव, काढ. मी बसून चहा घेऊ शकते इतके ते काम सोपे असते. तीच बॅग शिवून, अस्तर लावून, चेन बसवून दुकानात जाते, तिथून घरी जाते, आणि मग तेच काम माझ्याकडे दसपट अवघड होऊन परत येते. कंपनीला आपले चिन्ह कापडाच्या चौकोनावर घालता येते, कारण ते तिला आधीपासून माहीत असते. ही बॅग कोणाच्या पाठीवर जाणार हे तिला माहीत नसते.

नाव नंतर येते.

आपल्याकडे भांड्यांवर नावे घालायची रीत आहे, तीही अशीच. लालबागच्या दुकानात आई नवे पातेले घेई, पैसे देई आणि मग दुकानदाराच्या पोऱ्यासमोर उभी राहून नाव सांगे. तो विजेच्या टोकदार लेखणीने टर्र आवाज करत काठाखाली ठिपक्यांची अक्षरे काढी. माझ्या घरात अजून अशी ताटे आहेत ज्यांवर देणाऱ्या माणसांची नावे आहेत आणि ती माणसे आता नाहीत. स्टील मात्र कठीण असते, त्याला अस्तर नसते, त्याच्या पोटात कोणाचा मोजा राहून गेलेला नसतो. तो पोऱ्या पातेले मांडीवर उलटे घेऊन लिहू शकत होता. मूलसुद्धा जन्मते आधी आणि त्याचे नाव ठेवले जाते बाराव्या दिवशी, तेव्हा नाव नंतर येते यात चुकीचे काही नाही, असे मी बॅगेशी झगडताना स्वतःला सांगते. फक्त उशिरा आलेल्याने आधीपासून बसलेल्यांना सांभाळून जागा करून घ्यावी लागते.

ही जागा करण्याचे काम सहा मिनिटांच्या शिवणीपेक्षा कितीतरी मोठे असते. बॅग आली की मी आधी तिचे सगळे पट्टे गुंडाळून चिकटपट्टीने बांधते, कारण चौकट पुढेमागे सरकताना एखादा सुटा पट्टा सुईखाली आला तर सुई मोडते आणि मोडलेले टोक कुठे उडेल ते सांगता येत नाही. मग यंत्राची फळी काढते. फळीखाली लोखंडाचा एक अरुंद हात असतो. खिसा त्या हातावर बाहीसारखा चढवायचा, म्हणजे खिशाचे बाहेरचे कापड हाताच्या वर येते आणि उरलेली सगळी बॅग खाली लोंबते. लोंबती ठेवली तर तिचे तीन-चार किलो वजन चौकटीला ओढत राहते आणि अक्षराची कड अक्षरावर न पडता शेजारी पडते. म्हणून खाली स्टूल, स्टुलावर उशी, आणि त्यावर माझा हात. अकरा नंबरची सुई काढून चौदा नंबरची जाड सुई लावायची. हजाराची गती अर्ध्यावर आणायची. धागा रेयॉनचा न घेता पॉलिस्टरचा घ्यायचा. रेयॉनची चमक मला जास्त आवडते, पण मैदानावरचे ऊन, घाम आणि पाऊस त्याला सोसत नाहीत. शेवटी सुई न खुपसता चौकट एकदा चारी कडांनी फिरवून पाहायची, म्हणजे सुई चेनच्या दातांवर किंवा पायपिंगवर आदळणार नाही याची खात्री होते. हे सगळे मी त्या सोमवारी केले होते. यादीतले काही चुकले नव्हते. आत हात फिरवणे माझ्या यादीत नव्हते, ते आईच्या यादीत होते.

आईचे यंत्र काळे, पायाने चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते. संप लांबत गेला तशी आईने शिवणाच्या वर्गात हौसेने शिकलेली कला पोटासाठी काढली. ती यंत्राची कापड दाबून धरणारी पट्टी काढून टाकी, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांवर पत्रा बसवी आणि लाकडी रिंगेत ताणलेले कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवी. आता जे काम संगणक चौकट हलवून करतो ते तिचे मनगट करत असे, आणि मिनिटाला किती टाके हे तिच्या पायांवर ठरत असे. शाळांचे बिल्ले हे तिचे मुख्य काम होते. दुकानातून तयार शर्ट यायचे आणि खिशावर बिल्ला भरून द्यायचा. ती आधी खिशाच्या तीन बाजू उसवी, तो चौकोन रिंगेत ताणी, बिल्ला भरी आणि मग खिसा पुन्हा जुन्या छिद्रांतूनच शिवून टाकी, की उसवला होता हे कोणाच्या लक्षात येऊ नये. धुऊन आलेला जुना शर्ट असेल तर त्याच्याही आधी खिसा उलटा करून झटके. त्यातून गोट्या निघत, पेन्सिलीचे तुकडे निघत, एकदा दोन रुपयांची नोट निघाली होती. सगळे ती एका डब्यात ठेवी आणि शर्टाबरोबर परत देई. मला ते त्या वेळी उगाच वेळ घालवणे वाटे. एका बिल्ल्याचे पैसे किती आणि त्यासाठी खिसा उसवायचा, झटकायचा, पुन्हा शिवायचा! तिच्या हातून एकही खिसा बंद झाला नाही, हे मला त्या जुलैतल्या सोमवारी प्रथमच सुचले.

तिने माझे यंत्र पाहिले होते. टाके मोजणाऱ्या पडद्यापेक्षा तिला जास्त नवल वाटले होते ते अक्षराखालच्या अस्तराच्या टाक्यांचे, म्हणजे वरचा भरीव टाका पडण्याआधी यंत्र जी विरळ जाळी घालून घेते तिचे. ‘हे बरं आहे, आधी धरून घेतं,’ असे ती म्हणाली होती. तिने बरोबर ओळखले होते. भरीव टाका कापडाला दोन्ही बाजूंनी आत खेचतो. संगणकावर काढलेला गोल कापडावर गोल उतरत नाही, तो जरा चपटा होतो, आणि तो गोल दिसावा म्हणून मुळातच थोडा लांबट काढावा लागतो. या आखणीला आमच्या धंद्यात पंचिंग म्हणतात. एके काळी छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरून यंत्राला टाके सांगितले जात, ती पट्टी गेली आणि शब्द मागे राहिला. मराठी नावाचे पंचिंग मी स्वतःच करते, बाहेर देत नाही, कारण शिरोरेषा. इंग्रजी अक्षरे सुटी असतात, बॅगेच्या फुगीर पोटावर एखादे किंचित कलले तरी डोळा माफ करतो. शिरोरेषा ही सबंध नावावरून जाणारी एक सरळ रेघ. चौकट कापडावर केसभर तिरकी बसली तरी ती चेनच्या रेषेशी भांडायला लागते. शिवाय ती आधी शिवली तर खालची अक्षरे कापड ओढून घेतात आणि रेघ व अक्षर यांच्यात निळी फट उघडते. म्हणून मी अक्षरे आधी घालते आणि शिरोरेषा शेवटी, लिहिताना आपण घालतो तशीच. बॅगेवर मराठीत नाव मागणारे फार थोडे येतात. ते आले की मला अवघड काम मिळाल्याचा आनंद होतो.

त्या मुलाचे नाव इंग्रजीत होते. तो बारा-तेरा वर्षांचा, आजोबांबरोबर आला होता, आणि त्याने मला एक गोष्ट विचारपूर्वक सांगितली होती. बॅग पाठीवर उभी असते आणि जमिनीवर आडवी असते, तेव्हा नाव कोणत्या दिशेने घालायचे हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारते. बहुतेक पालक पाठीवर असताना सरळ वाचता येईल असे सांगतात. काही जण अलीकडे नाव नको, नुसते आडनाव किंवा आद्याक्षरे घाला म्हणतात, कारण गर्दीत मुलाच्या पाठीमागे चालणाऱ्या कोणालाही त्याचे नाव कळू नये असे त्यांना वाटते. हे ऐकताना मला दरवेळी वाईट वाटते आणि त्यांचे म्हणणे पटतेही. हा मुलगा म्हणाला, ‘काकू, आडवं वाचता येईल असं घाला. आम्ही बॅगा शोधतो तेव्हा त्या पडलेल्या असतात.’

शिवलेले नाव काढणे हे घालण्यापेक्षा वाईट काम आहे. एरवी मी कापड उलटे करून खालचा धागा पात्याने खरवडते, म्हणजे वरचे टाके आपोआप सुटून येतात. इथे खाली त्याचा मोजा होता. त्यामुळे वरून, एकेक अक्षर, बारीक कात्रीच्या टोकाने कापत गेले आणि तुटलेले धागे चिमट्याने उपटत गेले. तीन हजार टाके काढायला रात्रीचे साडेअकरा वाजले. मोजा मोकळा झाला, जाळी मोकळी झाली, आणि दिव्याखाली कापड धरले तेव्हा नाव अजून तिथेच होते. सुती कापडाची छिद्रे धुतल्यावर, चोळल्यावर पुष्कळशी मिटतात. बॅगेचे कापड ६०० डेनियरचे पॉलिस्टर असते, म्हणजे ज्याच्या नऊ हजार मीटर लांबीचे वजन सहाशे ग्रॅम भरते अशा जाड धाग्याचे, आणि पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला मागून लेप दिलेला असतो. धागे एक वेळ पुन्हा जवळ सरकतील, पण लेपाला पडलेले भोक भोकच राहते. सहा अक्षरे, फक्त छिद्रांची, आरपार उजेड येणारी. भांड्यावरच्या ठिपक्यांच्या नावासारखी ती दिसत होती. त्याच छिद्रांवर पुन्हा शिवले असते तर कापड तिकिटासारखे फाटले असते.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना फोन करून घडले ते सांगितले आणि आणखी एक दिवस मागितला. निळ्या ट्विलचा एक तुकडा कापला, सपाट, चौकटीत सहज ताणला जाणारा, आणि त्यावर नाव घातले. भोवती पिवळी भरीव कड घेतली. मग तो बिल्ला बॅगेवर छिद्रे पूर्ण झाकली जातील असा धरून हाताने शिवला, गादीवाले वापरतात तशा वाकड्या सुईने आणि मेण लावलेल्या दोऱ्याने. डावा हात सबंध वेळ खिशाच्या आत होता, बोटे कापड आणि जाळी यांच्या मध्ये, म्हणजे सुई जाळीपर्यंत पोहोचली तर आधी माझ्या बोटाला लागेल. ती चार वेळा लागली. छिद्रांतून पाणी शिरू नये म्हणून आतून रबरी चिकटपट्टीचा एक तुकडाही लावला. यंत्र शेजारी बंद उभे होते आणि बाहेर पाऊस धरून लागला होता. त्या दोन तासांत माझ्या मनात लाज होती, आणि हे सांगायला हवे, की खूप दिवसांत लाभली नव्हती अशी एक शांतताही होती.

संध्याकाळी दोघे आले. मोजा मी धुऊन, इस्त्री करून ठेवला होता, पण करंगळीवर आणि अनामिकेवर छिद्रांची एक रांग राहून गेली होती, म्हणून नव्या मोज्यांची जोडी आणून बाजूला ठेवली होती. मुलाने आधी बिल्ल्यावरून हात फिरवला, मग चेन उघडून जाळीच्या कप्प्यात हात घातला आणि तो तळापर्यंत जातो हे पाहून घेतले. मग जुना मोजा उजव्या हातात चढवला, बोटे उघडली, मिटली.

‘याच्यातून हवा लागते,’ तो म्हणाला. ‘हाच राहू द्या काकू. घाम येतो मला.’

आजोबांनी नावाचे पैसे पुढे केले, ते मी घेतले नाहीत. नव्या मोज्यांची जोडी त्यांनीच बॅगेत ठेवून घेतली. सकाळी आझाद मैदानावर सामना होता, पाऊस थांबला तर. मुलाने बॅग पाठीवर घेतली आणि दोघे भोईवाड्याच्या उताराला लागले. त्याच्या सांगण्याप्रमाणे नाव आडव्या बॅगेसाठी घातले होते, त्यामुळे पाठीवर ते उभे राहिले होते, आणि कोपऱ्यावर ते वळेपर्यंत मी ते मान कलती करून वाचत राहिले.